रंजनाने नाकारलेला आकडा

"सर, रंजनामॅडम गेल्या." शाळेच्या शिपायाचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या एसटी स्टँडवर उभा होतो. वसुबारसेची संध्याकाळ. मी विचारलं, "कुठे गेल्या?" ... तो नुसता रडायला लागला.

रंजना आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मूळची जवळच्याच मढ गावची. तिचा भाऊ बाळू जन्मापासून बहिरा. दिवाळीत सगळं घर गाणी ऐकायचं आणि तो सगळ्यांची तोंडं बघत बसायचा, हे तिला सहन होत नसे. म्हणून तिने तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला, त्याला दिव्यांच्या पट्ट्या जोडल्या आणि प्रोग्रॅम लिहायला बसली. संबळाच्या ठोक्याला लाल दिवा, सनईला पिवळा. पहिल्या वर्षी दिवे गाण्याच्या मागे पडायचे. ती चिडून सगळं सोडवायची, पुन्हा जोडायची. मग एका संध्याकाळी ओट्यावर लाल दिवा लागला आणि बाळूने नेमकी त्याच क्षणी मांडीवर थाप मारली. पुढचा ठोका कधी येणार, ते त्याला कळायला लागलं होतं. रंजनाने आत जाऊन चहा ठेवला.

हे जुन्नरच्या एका मंडळाला कळलं. त्यांनी दिवाळीसाठी लोखंडी कमान उभारली, तिच्यावर रंजनाचे दिवे. तिची अट एकच: वीज मीटरवरून घ्यायची, आणि करंट गळला तर पुरवठा तोडणारा स्विच बसवायचा. अध्यक्ष हसले. "मॅडम, दोन तासांचा तर कार्यक्रम हाय. तारेवर आकडा टाकू, दरसाल टाकतोय. कुनाला काय झालंय का?"

"मग माझे दिवे नाय लागणार, भाऊ."

मी तिला बाजूला घेतलं. म्हणालो, "एवढं ताणू नकोस रंजना, गावातली माणसं आहेत."

"तुम्हीपण, सर?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दिवे उतरवायला गेली. तोवर कोणीतरी तिला न सांगता आकडा टाकून ठेवला होता. खाली नुकताच सडा मारलेला. तिने वर चढायला कमानीला हात लावला...

आता महिना होत आला. लोक म्हणतात, नशीब. म्हणतात, बाईमाणसाने कशाला चढायचं? पोलिसांच्या कागदावर लिहिलंय, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. मंडळाने श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय, त्यावर अध्यक्षांचा फोटो तिच्याहून मोठा. जी एकटी सावध होती तिला निष्काळजी म्हणता? आणि माझ्या घरी येऊन सांगता, "सर, तुमी शिकलेले, मिटवून टाका"? नाही मिटवणार. मी पोलिसांत जाऊन जबाब दिलाय, आणि तिला मी काय म्हणालो होतो तेही त्यात जसंच्या तसं लिहून दिलंय.

गेल्या आठवड्यात शाळेतलं तिचं कपाट रिकामं करायला घेतलं. वायरींच्या गुंडाळ्यांखाली तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज निघाला. जागा, कारण, किती दिवे, सगळं तिच्या गोल अक्षरात भरलेलं. अध्यक्षांच्या सहीची जागा तेवढी कोरी. तिथे तिने पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवलीय... सही कुठे करायची, ते त्यांना शोधत बसायला लागू नये म्हणून.