लंगडा पावणा

कोल्हापुरात ठाम माणसांना तोटा नाही. पण इतक्या ठामपणे चुकणारा माणूस माझ्या थोरल्या मेहुण्यांखेरीज दुसरा झाला नसावा. थंडीत रंकाळ्याच्या काठी उतरणाऱ्या पाणपाखरांना ते 'पावणं' म्हणत, आणि पावण्यांना उपाशी कसं ठेवायचं म्हणून खिसे भरून भडंग नेत. पाखरं चिखलातले किडे खात, भडंग कावळे खात. "लसूण जास्त झाला जणू," म्हणत मेहुणे दुसऱ्या दिवशी कमी लसणाचं घेऊन जात. बगळ्याच्या चोचीतून मासा निसटला की भर रस्त्यात ओरडत, "आरं, पकड सैल पडली की!" जाणारेयेणारे कुस्ती कुठं चाललीय ते शोधत राहत.

त्यांचा खरा जीव मात्र एका चिखलपाखरावर. त्याला एकच पाय होता. दरसाल यायचं आणि टुणटुण उड्या मारत चिखल टोचायचं. सत्तर सालच्या आसपास एका थंडीत ते आलंच नाही. मेहुण्यांचं जेवणावरचं मन उडालं. "दाजी, समुद्रावर अडकला असंल. चला, बगून येऊ." बायकोच्या थोरल्या भावाला नाही कसं म्हणणार? एस.टी.नं वेंगुर्ल्याला गेलो.

किनाऱ्यानं चालता चालता तसल्याच पाखरांचा थवा दिसला, आणि सगळी एका पायावर! विसावताना ती दुसरा पाय पिसांत दडवतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. रंकाळ्यावर आम्ही त्यांना पाहिलं ते खाण्याच्या घाईतच.

"दाजी, सगळीच लंगडी हो! आता ह्यात आपला कुठला?" मग वाळूत उकिडवे बसून, "ओ पावणं, कोल्हापूरला असतासा न्हवं?" उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी मूठभर भडंग उधळलं. थवा भुर्रकन उडाला. खाऱ्या वाऱ्यानं धुरकटलेला चष्मा मेहुणे पुसत होते. तेवढ्यात मागं राहिलेलं एक पाखरू टुणटुण उड्या मारत पाण्यापर्यंत गेलं आणि उडालं.

"दिसला काय वो?"

माझी चप्पल तुटली होती, परतीची गाडी चुकत होती. हो म्हटलं असतं तर मुक्काम ठरलेला. "नाही," मी म्हणालो. "चला."

गाडीत त्यांनी उरलेलं भडंग माझ्या ओंजळीत ओतलं. "खावा. पावणा न्हाय आता."

ते पुन्हा रंकाळ्यावर गेले नाहीत. खुळा नाद सोडवला म्हणून सासुरवाडीनं माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. मेहुणे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते पाखरू आपलंच होतं, की दुसऱ्याच कुणा गावचं लंगडं, मला अजून उमगत नाही. पण मेहुणे, दिसलं होतं. एका पायावर होतं, आणि चांगलं गुबगुबीत होतं.