रिकाम्या हातांचं औषध

शैला गेल्याचा फोन पुण्याच्या दवाखान्यातून आला तेव्हा मी टोमॅटोची बांधणी सोडून नुकतीच घरात आले होते. धाकटे दीर, म्हणजे तिचे यजमान, एवढंच म्हणाले, "वैनी, गेली ती." रिसीव्हर हातात धरून मी उभी राहिले. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण शैलाने ते ऐकलं असतं तर ती पोट धरून हसली असती. मला वाटलं, बघा, इथेही हिनंच पहिला नंबर लावला! थोरली जाऊ मी, गुडघे माझे दुखतात, आणि आधी गेली ती... पोटाचं दुखणं निघालं आणि काही आठवड्यांतच सगळं आटोपलं. मग मी खाली बसले आणि खूप रडले. त्याला आता दीड महिना होत आला.

येडगावला एका घरात आम्ही जावा म्हणून नांदलो. ती नव्वदच्या सुमारास लग्न होऊन आली, माहेर अवसरी खुर्दचं. आल्या दिवसापासून तोंडाची टकळी चालू. पण दुसऱ्या मुलीच्या वेळी बाळंत झाली आणि काहीतरी बिनसलं. ताप नाही, खोकला नाही, पण सकाळी अंथरुणातून उठायची नाही. उठली तर चुलीपुढे बसून राहायची, भाकरी तव्यावर करपली तरी हात हलायचा नाही. सासूबाईंनी अंगारा लावला, मीठ-मिरच्या उतरवल्या. तिच्या वाटणीच्या भाकऱ्या मी थापत होते, तिच्या वाटणीचं शेण मी काढत होते, त्यामुळे दया येण्याआधी मला तिचा राग यायचा. आम्हाला नाही बाई असं आजारी पडता येत, असं मी मनात म्हणायचे. मग एक दिवस ती हळूच म्हणाली, "आक्का, मला हिरीकडं पाठवू नका." विहिरीपाशी तिला स्वतःचीच भीती वाटतेय, हे मला त्या दिवशी कळलं. तिला दवाखान्यात न्यायचं मीच लावून धरलं.

नारायणगावात तेव्हा मनाच्या आजारांचे एक डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून एकदा येऊन बसत. दिरांना चारचौघांत सांगायचा संकोच, म्हणून मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "शिवाय रोज सकाळी भरभर चालायचं, जरा दम लागेल असं. हेही औषधच समजा." मला ते काही पटेना. मी विचारलं, चालण्यानं का कुठं मन बरं होतं? ते माणूस म्हणून सरळ होते. म्हणाले, बाहेरच्या देशांत यावर अभ्यास चाललेत, गुण येतो असं दिसतंय, पण पुरतं सिद्ध झालंय असं मी सांगणार नाही. शिवाय मन खचलेल्या माणसाला चालायला उठवणं हेच अवघड, बरेचजण मध्येच सोडून देतात. म्हणून गोळ्याही सोडायच्या नाहीत आणि चालणंही नाही.

घरी हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "चालायचंच हाय ना? मग मोकळं कशाला? जाताना डेरीत दूध घाल, येताना गवताचा भारा आण." आम्हा कुणालाच यात काही चुकीचं वाटलं नाही. मला तर बरंच वाटलं, तेवढाच माझा एक भारा कमी. शैला मुकाट्याने किटली घेऊन जायची आणि भारा घेऊन यायची, आणि आल्यावर पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजायची. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारपूस केली, भाऱ्याचं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "अहो, हे काम झालं. काम तर ती आधीपासून करतेच आहे. हातात काही द्यायचं नाही. रिकाम्या हातांनी जायचं आणि रिकाम्या हातांनी यायचं."

रिकाम्या हातांनी! आमच्याकडे बाई घराबाहेर पडते ती डोक्यावर, काखेत नाहीतर कडेवर काहीतरी घेऊनच. देवाला निघाली तरी हातात ताट असतं. आणि हिला डॉक्टरांच्या सांगण्यावरून काहीही न घेता हिंडायची परवानगी! वर दिरांनी जुन्नरहून पांढरे बूट आणले. नऊवारीतल्या सासूबाई ओट्यावर तोंड वाकडं करून बसलेल्या, मी म्हशीखाली धार काढत बसलेली, आणि समोरून ही बूट घालून हात हलवत कालव्याच्या रस्त्याला लागलेली... माझा जीव जळायचा. खरोखर जळायचा. ती गेली की मी शेणाची पाटी जरा जास्तच जोरात आपटायचे.

एकदा दवाखान्यात मी डॉक्टरांना गाठलंच. म्हटलं, "मी दिवसभर वाकते, उचलते, हिच्या दुप्पट चालते. तुमच्या हिशेबानं मला कधी उदास वाटायलाच नको." ते हसले आणि मग हसायचे थांबले. "वाटतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छे! मला काय झालंय?" शैला माझ्याकडे टक लावून बघत होती. येताना एसटीत ती माझ्या शेजारी अगदी खेटून बसली.

ती बरी झाली, पण एका रेषेत नाही. कधी फाटकापर्यंत जाऊन परत फिरायची, कधी आठवडाभर बूट कोपऱ्यात पडून असायचे. पण हळूहळू तिची टकळी पुन्हा सुरू झाली, आणि एक दिवस माझ्याच कालवणात मीठ कमी पडल्याचं तिनं जाऊन सासूबाईंना सांगितलं. तेव्हा मी ओळखलं, बाई ताळ्यावर आली. पुढे कालव्यापलीकडच्या वस्तीवरची कमल तिच्या सोबतीला येऊ लागली. टवाळ पोरं विचारायची, "काय काकू, रेस लावली का?" ही म्हणायची, "लावली तर. पळा माझ्यासंगं!"

दोन हजार सालानंतर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून या विषयावर बरंच छापून येऊ लागलं. व्यायाम गोळ्यांच्या बरोबरीचा का, सौम्य आजारात पुरतो का, तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, वगैरे. दुपारी कांदे निवडताना मी तिला वाचून दाखवायचे. एकदा त्यात आलं की, स्वतःच्या खुशीनं केलेल्या चालण्या-पळण्याचा मनाला फायदा होतो, पोटासाठीच्या कष्टाचा तसा होताना दिसत नाही. ते मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा सासूबाईंना ऐकू जाईल असं. शैला म्हणाली, "आक्का, तुमीबी चला की सकाळी." मी म्हटलं, "आन् धारा कोन काढील?" ती म्हणाली, "मी काढीन लवकर उठून." मला तिचं ते देणं नको होतं. डॉक्टरांसारखं कुणीतरी माझ्यासाठी पेन खाली ठेवायला हवं होतं...

ती गेल्यावर भेटायला आलेल्या बायकांतली एक म्हणाली, "येवढी रोज चालायची, काय उपेग झाला?" मी तिच्यावर कडाडलेच. म्हटलं, ती मरू नये म्हणून चालत नव्हती, सकाळी उठता यावं म्हणून चालत होती.

तेरावं झाल्यावर कमल आली. चहा घेताना म्हणाली, "तुमच्याबद्दल लई बोलायची ती. म्हनायची, मला आक्कांचा लई हेवा वाटतो."

"माझा?"

"व्हय. म्हनायची, आक्का डोळं उघडत्यात आन् सरळ उठत्यात. उठावं का न्हाई, ह्याच्यावर त्यास्नी रोज सोताशी भांडावं लागत न्हाई."

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, मी तिच्यावर जळत राहिले, ती माझ्यावर, आणि हे तिनं सांगितलं कुणाला, तर कमलला! रोज सकाळचा तो तास, त्यात शैला काय काय बोलली असेल, ते सगळं या बाईला मिळालं. एवढा हेवा मी शैलाचासुद्धा कधी केला नव्हता. मी विचारलं, "आणखी काय म्हणायची?" कमल म्हणाली, "असं बसून न्हाई आठवत वैनी. चालता चालता आठवंल."

तेव्हापासून मी रोज सकाळी कमलबरोबर जाते. धारा आता दीर काढतात. प्रकृतीसाठी जाते असं गावाला वाटतंय, वाटू दे. मी कमलकडून शैला काढून घ्यायला जाते. परवा कालव्याच्या मोरीपाशी कमल थांबली आणि म्हणाली, "संपलं बगा वैनी. येवढंच व्हतं."

मी म्हटलं, "मग पयल्यापास्नं सांग."