कुणाचं तरी पाणी

माझ्या कामाला धड नाव नाही. सरकारी कागदावर 'फायबर देखभाल, कंत्राटी' असं काहीतरी आहे, पण गावात विचाराल तर सांगतील, ती बाई का, रस्त्याकडेला खड्डे उकरत फिरते ती! बारामतीहून इंदापूरकडं जमिनीखालून जी केशरी नळी जाते, तिच्यात बोटाएवढी काळी केबल आहे आणि त्या केबलीत केसाएवढ्या काचेच्या तारा. त्यांच्यातून उजेड पळतो. त्या उजेडावर तालुक्याची कचेरी, ग्रामपंचायती, दाखले, सातबारे असं सगळं चालतं. उजेड थांबला की सरकार थांबतं आणि माझा फोन वाजायला लागतो. चालू असताना मला आजवर कुणी फोन केलेला नाही, बरं का.

त्या दिवशी मात्र फोन आला तो माझ्या लेकीचा.

"आई, इथं नेट गेलंय. कचेरी उघडली तेव्हापासून नाहीच म्हणतात."

लेक सकाळपासून इंदापूरच्या कचेरीत दाखल्यासाठी बसून होती. लेकीचा पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात सवलतीच्या जागेवर नंबर लागला होता. उत्पन्नाचा दाखला त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत प्रवेशाच्या साईटवर चढवायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. माझं माहेर लोणी भापकरचं, पण सासर इंदापूर तालुक्यातलं, म्हणून दाखला इंदापूरच्या कचेरीतून. अर्ज कधीच मंजूर झाला होता. फक्त साहेबांची डिजिटल सही तेवढी राहिली होती, कारण आठवडाभर सर्व्हरच आचके देत होता. आज होईल, उद्या होईल, करत करत शेवटचा दिवस उजाडला. माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या दवाखान्यातल्या फरश्या पुसल्या. आपली नात त्याच फरशीवर पांढरे कपडे घालून उभी राहणार, असं म्हातारी सगळ्या आळीला सांगून बसली होती.

मी कचेरीतल्या ऑपरेटरला फोन लावला. "अहो, मोबाईलच्या नेटवर घ्या ना सही!"

"नाही घेत ताई. कचेरीच्या लायनीशिवाय सहीचं पान उघडतच नाही. तुम्हाला माहितीये की."

माहीत होतं ना! घरी बसून कुणी सह्या ठोकू नयेत म्हणून ते कुलूप घातलंय आणि चांगल्यासाठीच घातलंय. पण त्या घटकेला वाटलं, घालावा धोंडा त्या कुलपावर.

आता कुणी म्हणेल, एकच लाईन कशी काय? अहो, दोन आहेत. दुसरी वाट आहे, नकाशावर लाल रेघेनं छान काढलेली आहे. रस्ता रुंद करताना ती मेली, त्याला किती महिने लोटले देव जाणे. मी लिहून लिहून थकले. वरून एकच उत्तर, "पहिली चालू आहे ना? मग बघू." तहान लागली की विहीर खणायची, ही आमच्या खात्याची जुनी चाल. लोकांना वाटतं मोठमोठी यंत्रं बिघडतात म्हणून कामं अडतात. यंत्राला कशाला शिव्या देता? पहिली चालू आहे तोवर दुसरीची कुणाला पडलीय, खरा रोग हा आहे.

माझ्याबरोबर तारा जोडणारे एक मामा असतात. केस पांढरे, बोलणं जवळजवळ नाहीच. आम्ही मीटर लावला. मीटर म्हणजे काय, तारेत उजेड सोडायचा, तो जिथं आपटून माघारी येतो तिथं तूट. मीटर म्हणाला, पिंपळी गाव मागं टाकून इंदापूर तालुक्यात शिरलं की तिथं. गाडी पळवली. सहसा तूट शोधावी लागत नाही. जेसीबीनं उकरलेल्या मातीचा ढिगारा दिसतो, त्यातून केशरी नळी जीभ काढल्यासारखी बाहेर आलेली असते. आमच्याकडं जो तो कालव्यापासून, विहिरीपासून आपापली पाईपलाईन ओढतो, त्यामुळं रस्त्याकडेची जमीन बारा महिने उकरलेली.

पण तिथं काहीच नव्हतं. ढिगारा नाही, चर नाही. एका बाजूला ऊस, एका बाजूला डांबर आणि मधली साईडपट्टी मुरूम टाकून सारखी केलेली.

"मामा, मीटर गंडलाय."

"मीटर नाय गंडत," मामा म्हणाले.

मग आम्ही खणायला लागलो. पहिल्या खड्ड्यात नळी लागली, धडधाकट. पुढं सरकून दुसरा घेतला. तीही धडधाकट. जमिनीखाली केबलीची कुठं वेटोळी टाकलेली असतात, त्यामुळं मीटरचं अंतर आणि रस्त्याचं अंतर नेमकं जुळत नाही. पुढं जावं की मागं, कळेना. ऊन डोक्यावर आलेलं. लेकीचा फोन. "आई, कुठवर आलं?" मी म्हटलं, "येतंय गं." परत फोन. "आई, ऑपरेटर म्हणतात, लाईन आली की लगेच करतो. तू घाई नको करूस, हाताला लागेल." कपाळ माझं! ती मला समजावत होती. मी तिच्यावरच खेकसले, "सारखा फोन नको करूस!" आणि ठेवल्यावर खड्ड्याच्या काठावर बसून ढसाढसा रडले. मामा दुसरीकडं बघत टिकाव मारत राहिले.

दुपार कलली. हाताला फोड आले. सगळ्या तालुक्याची लाईन मी सांभाळते, रात्री-अपरात्री, पावसापाण्यात, दुसऱ्यांच्या लेकरांचे दाखले निघावेत म्हणून. आणि माझ्या लेकीच्या पाळीला ही नळी मला तोंडसुद्धा दाखवीना. मी त्या जमिनीला शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या. उसातून एक म्हातारे आबा बाहेर आले ते बहुतेक त्या शिव्या ऐकूनच. हातात चहाची किटली.

"ताई, सकाळधरनं बघतुया, काय हुडकताय एवढं? च्या घ्या आदी."

"आबा, इथं कुठं जेसीबी चालला होता का हो?"

"चालला की! दिस उगवायला आमच्या पायपाची चारी मारली. हितनंच मोरीतनं रस्ता वलांडला."

मी ताडकन उठले. "मग ही केशरी नळी तुटली नाही का?"

"तुटली तर! दातात गावली ना बकेटाच्या." आबा हसले. "पर आमी तशी ठिवली न्हाय. कुनाचं तरी पानी असंल म्हनलं. दुसऱ्याचं पानी तोडून आपलं न्यायचं, हे आमच्या घरात चालत न्हाय. लगीच जोडून घेतली. आत पायपाचा तुकडा घातला, वरनं ट्यूबची पट्टी गुंडाळली, क्लिपा आवळल्या. थेंब गळायचा न्हाय! मुरूम टाकून धुम्मस बी केलं."

मामांच्या हातातला टिकाव तसाच राहिला. आबांनी पायानं जागा दाखवली. आमच्या दोन खड्ड्यांच्या बरोबर मध्ये. दोनच घाव घातले आणि ती जोडणी वर आली. काय सांगू, इतकी सुबक जोडणी आमच्या ठेकेदाराच्या माणसांनी कधी केली नसेल.

"आणि आत काळी केबल होती ती?" मी विचारलं.

"ती दोरी व्हय? व्हती की. पायप वडताना आत ऱ्हायली असंल म्हनलं. चिंध्या झाल्यात्या तिच्या, त्यात पानी अडाकलं असतं. म्हनून दोनी कडनं हात-हातभर कापून टाकली." आबा माझ्या तोंडाकडं बघायला लागले. "का वं ताई? दोरी महत्त्वाची व्हती व्हय?"

माझ्या जिभेवर जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्या माणसाच्या हातात माझ्यासाठी आणलेली चहाची किटली होती. मी म्हटलं, "असू द्या आबा. दुसरी घालतो."

नुसती तुटली असती तर एक जोड लागला असता. आता मध्ये केबलीचा नवा तुकडा घालायचा आणि दोन्ही टोकांना तारा जोडायच्या. मामांनी मशीन मांडलं. वारा सुटला होता, धुळीचा एक कण पडला तर जोड फुकट. आबांनी न सांगता डोक्याचं पागोटं सोडलं आणि आडोसा धरून उभे राहिले.

"सरकारी पान्याची नळी हाय व्हय ही?" त्यांनी विचारलं.

"तसंच समजा," मामा म्हणाले.

"आज दिसच वंगाळ बगा," आबा उभ्या उभ्या बोलत होते. "आमची नात सकाळधरनं इंदापुरात बसलीया. शेतकी कालेजात नंबर लागलाय तिचा. कसला दाखला हाय, त्येच्यावर साहेबाची सही न्हाय म्हनं. आत्ता तुमी मशीन मांडताना फोन क्येला तवा म्हनली, आजून बसलेच हाय. तिला बी सांगितलं म्या, हितं एक ताई आल्यात, आपुन जोडलेला पायप उकरत्यात, त्यातली दोरी कापली म्हून हुडकत बसल्यात. तर पोर म्हनली, पायपात दोरी कसली असती?"

मामांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मग ते परत मशीनवर वाकले. "इंदापूरची तार आधी घ्या," मी म्हटलं. मामांनी ती आधीच घेतली असणार हे मला कळत होतं, पण तोंड गप्प बसेना. हात जोडले, मनात म्हटलं, देवा, अजून थोडं, एवढं होऊ दे. उद्या काय तोडायचं ते तोड.

पहिल्या टोकाचा जोड बसला. दुसऱ्याला एकदा फसला. मामांनी तार परत सोलली, परत पुसली, परत बसवली. माझं लक्ष फोनच्या घड्याळाकडं. चार वाजून गेले तशी मी मशीनवर वाकून वाकून बघायला लागले आणि मामा शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही तिकडं उभ्या ऱ्हावा."

उजेड आला. मीटरवर रेघ सरळ गेली, थेट इंदापूरपर्यंत. ऑपरेटरचाच फोन आला. "आली ताई लाईन! साहेब बसलेच होते, धडाधड सह्या चालल्यात. तुमच्या मुलीचापण निघाला." मग हळूच म्हणाला, "पण प्रवेशाची साईट बंद झाली हो. पाच वाजून गेले ना."

मी फोन ठेवला. दाखला निघाला होता. सही झाली होती. यंत्रणा आता व्यवस्थित चालू होती, तसाच अहवाल मला रात्री पाठवायचा होता.

आबा थोडे बाजूला जाऊन फोनवर बोलत होते. "व्हय? बरं बरं. देतो." त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "नात हाय. तुमास्नीच मागतीया."

"ताई," पलीकडची पोर हळू बोलत होती. "तुमची मुलगी माझ्या शेजारीच बसलीये. आम्ही दोघी सकाळपासून एकाच बाकावर आहोत. आबांनी मला दोरीचं सांगितलं. मी हिला विचारलं, पाईपात दोरी कसली असते. हिनं सांगितलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "ताई, माझीपण मुदत आजचीच होती. माझं मी बघेन, पुढच्या वर्षी परत फॉर्म भरेन. पण आबांना सांगू नका. आपल्या हातानं झालं असं कळलं तर ते जेवायचे नाहीत. सही झाली एवढंच सांगा."

मागून माझ्या लेकीचा आवाज आला. रडून बसलेला, पण तिचाच. "आई, नको सांगूस."

मी फोन माघारी दिला. आबा पागोटं झटकत माझ्याकडं बघत होते.

"काय म्हंती पोर? झाली का सही?"

"व्हय आबा," मी म्हटलं. "झाली."

"झाली! म्या म्हनलंच हुतं, कुनाचं वंगाळ क्येलं न्हाय तर आपलं बी अडत न्हाय." त्यांचं तोंड असं खुललं की मला त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी ट्यूबच्या पट्ट्या गोळा केल्या, माती झाडली आणि माझ्या हातात दिल्या.

"ह्या चांगल्या हायत, ह्याच वापरा. आन नळी आता नीट जोडून घिऊ, ताई. कुनाचं तरी पानी हाय."

आणि खोरं घेऊन ते माझ्याआधी खड्ड्यात उतरले.