बाहेरच्या खोलीतली उशी

आमचे भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. मधेच अडकलेल्या माणसांना बाहेरून ओरडून हसवत ठेवायचे आणि तोवर त्यांचे हात चालू. "घाबरू नका, वर जायला अजून वेळ आहे तुम्हाला!" हा त्यांचा ठरलेला विनोद. घरीही तसेच. मी धाकटी मेव्हणी, म्हणजे टिंगलीला हक्काचं गिऱ्हाईक. ताई म्हणायची, या माणसाचं तोंड बंद झालं तर समजायचं, काहीतरी बिघडलंय.

तसंच झालं. साखरेचा आजार जुनाच होता. पन्नाशी ओलांडली आणि एक दिवस भावोजींनी आपली उशी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. "मी घोरतो, तुझी झोपमोड होते," म्हणाले. ताईला हसू आलं, कारण घोरायची ती. पण उशी काही परत आली नाही.

पुढे घरात एक काळी, चेनची पिशवी आली. भावोजी ती घेऊन न्हाणीघरात जायचे आणि कडी लावायचे. आतून हवा ओढल्यासारखा बारीक आवाज यायचा, थांबून थांबून. ताईने विचारलं, तर म्हणाले, "छातीचं मशीन आहे. तू हात लावू नकोस." बाहेर येताना चेहरा उतरलेला असायचा.

आमची आई आजार लपवूनच गेली होती. ताईने मनाशी धरलं, आता यांचीही पाळी. मला चकार शब्द बोलली नाही. भांडायचं तिने सोडलं. बिनतिखटाचं, मऊ करून वाढू लागली. ते कामावरून आले की हत्यारांची जड पेटी दारातच त्यांच्या हातातून काढून घ्यायची. भावोजींना वाटलं, हिला सगळं कळलंय आणि ही आपली कीव करतेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही दोघांना!

मग एका सुट्टीच्या दुपारी भावोजी आतल्या खोलीत आले. दार लोटलं आणि कितीतरी दिवसांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. ताईला वाटलं, निरोपाचं बोलायला आलेत. तिला रडू फुटलं.

"नको हो आता हे. मला काही नको. तुम्ही फक्त जिवाला जपा."

जीव तुटून म्हणाली होती बिचारी. भावोजींनी त्यातलं 'नको' तेवढं ऐकलं. "बरं," म्हणाले आणि बाहेर गेले. पिशवी माळ्यावर गेली.

माळा झाडताना ती ताईच्या हाती लागली आणि ताई तडक माझ्याकडे आली. मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. दुकान रिकामंच होतं. तिने पिशवी पुढे सरकवली.

"खरं सांग. हे लागतं तेव्हा माणूस किती दिवसांचा सोबती असतो?"

मी चेन उघडली. आत पारदर्शक नळकांडं, हाताने दाबायचा पंप, रबराच्या कड्या. मला हसू फुटणार होतं, ताईचा चेहरा बघून आवरलं. याचंच एक खोकं आमच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेलं. पण काउंटरला मेव्हणी, म्हणून भावोजींनी ते परगावाहून आणलं असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी तिला नीट सांगितलं. साखरेने नसा दगा देतात, पुरुषाला बायकोजवळ जाणं जमेनासं होतं. कुणाला गोळीही लागू पडत नाही. मग या नळीतली हवा काढायची म्हणजे रक्त ओढलं जातं, बुडाशी कडी चढवायची, ती अर्ध्या तासाच्या आत काढायची. जमायला वेळ लागतो, म्हणून तर डॉक्टर सांगतात, बायकोला सोबत आणा.

"म्हणजे हे मरत नाहीयेत?" ताईने विचारलं.

"नाही गं."

"मग त्या दुपारी..." एवढं बोलून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती दुपार तिने मला तेव्हाच, हुंदके देत सांगितली.

घरी जाऊन तिने भावोजींना समोर बसवलं. "धाकटीनं मला सगळं सांगितलं. अहो, मला वाटलं तुम्ही जाताय, म्हणून मी नको म्हटलं. उशी घेऊन या आत." सगळं बरोबर बोलली ती. पण भावोजी पहिल्या शब्दापाशीच थांबले होते.

"तिला दाखवलंस?"

"अहो, तीच औषधांच्या दुकानात, मग दुसरं कुणाला..."

"तिला दाखवलंस."

आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले. ताईकडून हे कळलं तशी मी मुद्दाम घरी गेले. म्हटलं, चेष्टा केली की हसतील. "काय भावोजी, मेव्हणीला विसरलात?" ते माझ्याकडे न बघता उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. आता मी आले की ते जातात. मला त्यांचा भयंकर राग येतो. लोक अडकले की बाहेरून धीर देणारा हा माणूस, स्वतः अडकला तेव्हा कुणाला दाराशीसुद्धा उभं राहू देईना. राग येतो आणि मग ताईकडे बघून रडू येतं.

ताई अजूनही रोज पलंगावर दोन उशा मांडते. जेवणं झाली की भावोजी आत येतात आणि त्यातली एक उचलतात.

"घोरतो मी," म्हणतात.

ताई म्हणते, "बरं."