नुसता पियानो वाजतोय

समजा, तुम्हाला एक मिनिटाचा व्हिडिओ करायचाय. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी छोटीशी संस्था. कायदा शिकणाऱ्या एका मुलीची परीक्षा सहा आठवड्यांवर, नऊशे पानांचं पुस्तक तसंच पडलेलं आणि वाचणारे तिघेच. वाचायला आणखी माणसं हवीत. काय कराल?

मी इंटरनेटवरचे सल्ले गोळा केले. पहिल्या तीन सेकंदांत डोळ्यांत पाणी आणा. लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून सगळं पडद्यावर लिहा. तसाच केला. दोन दिवसांत नऊ हजार जणांनी पाहिला. मी हवेत!

संस्था चालवणाऱ्या मावशींची अख्खी नोकरी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये गेलेली. त्यांनी फोन सरळ त्या मुलीच्या हातात दिला. "ऐक गं, तुझ्यावरचा आहे."

तिनं तो शेवटपर्यंत कानाला लावून ठेवला. "मावशी, नुसता पियानो वाजतोय. कुणी गेलंय का?"

मावशी पोट धरून हसल्या. माझं तोंड एवढंसं झालं.

"नऊ हजारांतले वाचायला किती आले रे?"

"एकही नाही. चौघांनी जुने कपडे देऊ केलेत."

"मग सदरे वाचणारेत का पुस्तक?"

"पण सगळे तज्ज्ञ हेच सांगतात, मावशी."

"कुणावर तपासून? बूट विकणाऱ्यांवर? दुसऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट तुझ्या नावावर चालेल का?"

मग त्या भिंतींना गाद्या लावलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत बसल्या आणि मला शूट करायला लावून कायद्याचं एक पान वाचलं. अडखळल्या, मागे गेल्या. बाहेरून मुलगी ओरडली, "कलमाचा आकडा दोनदा सांगा!" तेही ठेवलं. चार मिनिटं, ना अश्रू ना पियानो. पाहणारे दोनशे अकरा. वाचायला आले अकरा.

"जिंकलो! लांब व्हिडिओच चालतो!" मी नाचलो.

"थांब. माझा रविवारी टाकला, तुझा मंगळवारी. एका नमुन्यावर निदान करतात का?"

स्वतःच्या विजयावर असा संशय घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी दारातच विचारलं, "कशामुळे आलात?" उत्तरं वहीत उतरवली.

परीक्षेला अजून दहा दिवस आहेत, पुस्तक आठशेव्या पानावर आलंय. मावशी अजून त्या वहीतच अडकल्यात.

"आलेल्यांना विचारता येतं रे," त्या परवा म्हणाल्या. "पण बघून जे दोनशे आले नाहीत, ते कशामुळे अडले, हे कुणाला विचारायचं?"