दूध कुणासाठी?

"दूध कुणासाठी?" दूधवाल्याने विचारलं.

"बाळासाठी. आईचं पुरत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग नाही मिळायचं."

"तू दूध विकतोस की घरोघरी नाक खुपसतोस?"

मी दाराआड होते, मांडीवर नुकता जन्मलेला थोरला. तो सारखा किरकिरायचा आणि माझा जीव टांगणीला. दूध पुरत नाही हे सासूबाईंनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की मलाही ते पटायला लागलं होतं. बाटली धुऊन फडताळात तयारच होती.

दूधवाला म्हणाला, पाणी घालून पाजाल, ते एवढ्याशा पोटाला झेपायचं नाही. सारखं अंगावर घेऊ दे. रेडकू लुचलं की म्हशीला पान्हा फुटतो, हिलाही फुटेल.

"आमच्या सुनेला म्हैस म्हणतोस?"

"छे हो मावशी. म्हैस निदान माझं ऐकते."

मला इतकं हसू आलं की बाळ दचकलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी शक्कल लढवली. दूध चहासाठी हवंय, म्हणाल्या. त्याने माप ओतलं आणि पायरीवर बसकण मारली. मग होऊ दे चहा, म्हणाला. सगळं दूध चहात जाईपर्यंत गडी हलेना. पातेलंभर चहा झाला. एक कप तो प्याला, एक सासूबाई रागारागाने प्यायल्या, उरलेला शेजारी वाटला. मग रोज हेच. बाटली कोरडी ती कोरडीच. रडला की घे, उठला की घे, असा थोरला माझ्याच अंगावर. हळूहळू दूध उतरलं. पोरगं असं गुटगुटीत झालं, की आपल्याच देखरेखीखाली वाढलंय म्हणून सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. पातेल्याचं नाव काढलं नाही.

एवढं का अडून बसता, असं मी त्याला एकदाच विचारलं. कप विसळत तो म्हणाला, "आमच्या पहिल्या पोरीला मीच दूध पाजलं होतं, वहिनी. घरचं, चांगलं म्हणून. झेपलं नाही तिला."

आणि माप उचलून पुढच्या दारी गेला.

इतक्या वर्षांनी परवा त्याने म्हशी विकल्या. शेवटचं दूध घालायला आमच्या दारी आला, तर घरात नातसुनेचं तान्हं.

"दूध कुणासाठी?"

"चहासाठी हो, आजोबा. बाळ अंगावरच पितंय," नातसून आतून म्हणाली.

त्याचा कुठला विश्वास बसायला! माप ओतून, गुडघे धरत तो पायरीवर टेकला. चहा झाला. प्याला, कप विसळून पालथा घातला आणि गेला.