झालं एकदाचं

पोस्टमनने कार्ड माझ्या हातात दिलं नाही. ओट्यावर ठेवलं आणि सायकलवर बसून निघून गेला. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं, की कुणीतरी गेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी निफाडजवळच्या आमच्या गावी आलो होतो. अक्षर काकूंचं, माझ्या सरांच्या पत्नीचं होतं. ‘चांदवडकर सर मंगळवारी गेले. त्रास संपला. सवडीने येऊन जावे.’ एवढंच. वडिलांना वाचता येत नाही, पण फाटका कोपरा त्यांनाही कळतो. “कोन गेलं?” त्यांनी विचारलं. “ड्रॉइंगचे सर.” “ते फोटूवाले?” मी मान हलवली. “सुटले म्हन,” वडील म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. सर आठ महिने अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते, तेव्हा सुटले हे खरंच होतं. पण लिहायला बसलो आहे तर तेही सांगायला हवं, की त्या क्षणी मलाही सुटल्यासारखं वाटलं. एक प्रश्न मला सरांना विचारायचा होता. तीन वर्षं तो विचारायचं मी टाळत आलो होतो. आता तो विचारावाच लागणार नव्हता... आणि मग लक्षात आलं, की काकू आहेत. त्यांनी बोलावलं आहे.

प्रश्न काय होता, ते सांगण्याआधी सर कोण होते ते सांगतो. नाशिकच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत. रविवारी सकाळी त्याच शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये फोटोग्राफीचा वर्ग घेत. कुणीही यावं, फी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पहिल्या वर्षी वर्गातल्या मुलांशी बोलायचीही मला भीती वाटायची. सरांच्या वर्गाची चिठ्ठी वसतिगृहाच्या फलकावर होती. तिथे बोलावं लागणार नाही, नुसतं बघावं लागेल, असं वाटून मी गेलो. सरांनी मला एक बॉक्स कॅमेरा दिला. मी मागचं झाकण उघडून पाहिलं, तर आत फिल्म नव्हती. “नाहीच आहे,” सर म्हणाले. “महिनाभर नाही मिळणार. रोज बारा फोटो काढायचे, रिकाम्या कॅमेऱ्याने. आणि प्रत्येक फोटोत काय आलं, ते वहीत लिहून आणायचं.”

पहिल्या आठवड्याची वही मी मोठ्या उत्साहाने दिली. रामकुंडावरची सुंदर पहाट, गोदावरीचं विशाल पात्र, असं बरंच काही लिहिलं होतं. सरांनी पेन्सिलीने ‘सुंदर’ आणि ‘विशाल’ खोडलं. मग म्हणाले, “आता उरलं काय, वाच.” काहीच उरलं नव्हतं. “तू पहाट बघितलीच नाहीस, सिद्धार्थ. पुस्तकात वाचली होतीस, ती आठवलीस.” मला वाईट वाटलं. पण पुढच्या आठवड्यात मी लिहिलं : ‘तांबट आळी. हंडा ठोकणारा माणूस. हातोडी वर असताना डोळे उघडे, खाली येताना मिटलेले.’ सरांनी ते दोनदा वाचलं. “कुठला काढलास मग, उघड्या डोळ्यांचा की मिटलेल्या?” मला सांगता येईना. “उद्या परत जा,” ते म्हणाले. मी गेलो. त्या माणसाने मला ओळखलं, म्हणाला, “काय रे, काल काढलेला फोटो कुठाय?” कॅमेऱ्यात फिल्म नाही, हे त्याला सांगायचा धीर मला झाला नाही.

फिल्म मिळाली तेव्हा मी सरांच्या घरी जाऊ लागलो, कारण धुण्याची सोय तिथेच होती. सोय म्हणजे घरचं न्हाणीघर. खिडकीवर घोंगडी, कोनाड्यात लाल दिवा, पाटावर तीन ट्रे. कोऱ्या कागदावर हळूहळू माणूस उमटताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो कागद उचलायचंच विसरलो आणि माणूस काळा पडला. सरांनी दुसरा कागद दिला. घरात तिघंच होती, सर, काकू आणि सरांची थोरली बहीण, अक्का. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. अक्का लवकर विधवा झाल्या आणि तेव्हापासून इथेच होत्या. आम्ही आत असलो की त्या बाहेरून कडी वाजवायच्या. “फोटोंची अंघोळ झाली असेल तर माणसांना शिरू द्या रे.” सर आतून म्हणायचे, “पाच मिनिटं, अक्का.” “तुझी पाच मिनिटं मी लहानपणापासून ऐकतेय.” मला त्या सिधू म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, वस्ती विचारली. आता काय होतं, म्हणून मी पाटावर अवघडून बसलो. त्यांनी थालीपीठ वाढलं आणि म्हणाल्या, “लोणी घे, लाजू नको. फोटो काढणाऱ्याचा हात थरथरता कामा नये.”

त्या घरात एक नियम होता. तिघांचा फोटो काढायचा नाही. तिघांचा काढला की तिघांतलं एक जातं, असं अक्कांच्या सासरी मानत आणि अक्का ते सोडायला तयार नव्हत्या. सरांच्या आल्बममध्ये म्हणून फार गंमत होती. घरातली तिघं आणि चौथा पोस्टमन. घरातली तिघं आणि दूधवाला नामदेव, हातात माप तसंच. एका फोटोत तर विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस अगदी गंभीर चेहऱ्याने काकूंच्या शेजारी उभा आहे. काकू म्हणायच्या, “आमच्या घरचा फोटो बघून पाहुणे विचारतात, हा जावई का?” मी असलं काही मानत नव्हतो. आमच्या वस्तीत बुद्धवंदना होते, दृष्ट आणि अपशकुन यांना वडील हसतात. मीही हसलो होतो.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट आहे. वर्गाला सुट्टी होती, अशा एका रविवारी सकाळी मी सरांच्या घरी गेलो, तर मागच्या अंगणात बाजेवर तिघं बसून हरभरे सोलत होती. अक्का मधे. ऊन बाजूने येत होतं आणि सोललेल्या टरफलांवरून उजेड वर त्यांच्या चेहऱ्यांवर पडत होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सर काहीतरी सांगत होते, काकू हसू दाबत होत्या, अक्कांनी एक दाणा तोंडात टाकला होता. मी पाच पावलांवर थांबलो, श्वास धरला आणि बटण दाबलं. फोटो काढताना माणसं किती आहेत, हे मी मोजलंच नाही. त्या दिवशी न्हाणीघरात तो कागदावर उमटला, तेव्हा सर म्हणाले, “हा तुझा पहिला.” त्याआधी मी तीन रोल काढले होते, तरी ते पहिला म्हणाले. मी ओला फोटो कोपऱ्याला धरून बाहेर आणला. अक्कांनी तो बघितला. बोट टेकवत एक-दोन-तीन असं मोजलं. तेव्हा कुठे मला आठवण झाली. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “झालं एकदाचं.” आणि आत गेल्या.

चार महिन्यांनी अक्का गेल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. नात्यातल्या कुणी बाई दुसरीला सांगत होत्या, “तिघांचा फोटो काढला होता म्हणे इतक्यातच.” बोलणं तिथेच थांबलं, कारण मी दारात होतो. सरांनी ते ऐकलं असावं. ते जमिनीकडे बघत राहिले. मी कोपऱ्यात दहा मिनिटं बसलो आणि निघालो. कॅमेरा सरांच्या कपाटात होता, तो तिथेच राहिला. पुढच्या रविवारी गेलो नाही. परीक्षा आहे, असं कळवलं. मग परीक्षा संपली तरी गेलो नाही. मी स्वतःला समजावत होतो, की फोटोने माणूस मरत नाही; हे मी कुणालाही पटवून दिलं असतं. पण ‘झालं एकदाचं’ कानातून जाईना. माझ्या आईच्या हातून काही फुटलं की ती असंच म्हणते. मी फोटोग्राफी सोडली. एम. ए.ला मराठी घेतलं, निबंधाला बक्षीस मिळालं, आणि कुणाच्याही हातात कॅमेरा दिसला की मी रस्ता बदलू लागलो.

सर दोनदा भेटले. एकदा रविवार कारंजावर, सायकल हातात धरून. “वही लिहितोस ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खोटं होतं ते. दुसऱ्यांदा यंदाच्या पावसाळ्यात, ते अंथरुणावर असताना. बोलणं तुटक झालं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी खूप प्रयत्नाने दोन शब्द काढले, “कॅमेरा... ने.” मला वाटलं, ती वस्तू त्यांना आता घरात नको आहे. मी काहीतरी पुटपुटलो आणि कॅमेरा न घेताच बाहेर पडलो. मला विचारायचं होतं, की सर, तुम्ही मला दोष देता का? अंथरुणावरच्या माणसाला हे कसं विचारायचं... नाही विचारलं.

कार्ड आल्यावर चौथ्या दिवशी मी नाशिकला आलो. काकूंनी दार उघडलं. बारीक झाल्या होत्या, पण चेहरा शांत होता. पाणी दिलं. सरांचे शेवटचे दिवस सांगितले, कसे झोपेतच गेले ते सांगितलं. मग कपाटातून कॅमेरा आणून माझ्यापुढे ठेवला. “हा तुझा. किती दिवस सांगत होते, त्याला न्यायला सांग.” मला राहवलं नाही. मी खाली बघतच म्हणालो, “काकू, तो तिघांचा फोटो मी काढायला नको होता.”

“का रे?”

“अक्का... त्यानंतरच...”

काकू म्हणाल्या, “म्हणून येणं बंद केलंस तू?” मी मान डोलावली. “अरे देवा,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि हे म्हणायचे, पोराला माझा कंटाळा आला. वही-वही करून मीच पिडलं त्याला.”

मग त्यांनी सांगितलं. अक्कांच्या पोटात गाठ होती. फोटोच्या दोन महिने आधीच डॉक्टरांनी काही उपयोग नाही म्हणून सांगितलं होतं. त्या रविवारी शेजारची बेबी अंगणात खेळायला आली होती. मी येणार हे माहीत होतं, म्हणून अक्कांनीच तिला गूळ-शेंगदाणे देऊन घरी पाठवलं. काकूंनी विचारलं, तिला कशाला घालवता, चौथी नको का? “तर म्हणाल्या कशा, तिघांतलं एक जाणार एवढंच ना? ते कोण, ते ठरलंय. आता कसली भीती? आयुष्यभर त्या नामदेवला मधे घेतलं, आता एकदा आपला आपला निघू दे.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“त्यांनीच बजावलं होतं. सिधूला कळलं तर तो आजारी बाईचा फोटो काढेल, म्हणाल्या. मला हरभरे सोलणारीचा पाहिजे.”

मी विचारलं, मग ‘झालं एकदाचं’ का म्हणाल्या? काकूंना ते आठवतही नव्हतं. “म्हणाल्या असतील,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं राहिलेलं काम झालं, मग माणूस दुसरं काय म्हणेल?” आणि शेवटपर्यंत तो फोटो अक्कांच्या उशाखाली होता, हेही सांगितलं.

मला तेव्हा रडू आलं नाही. खूप दिवस डोक्यावर ठेवलेलं ओझं कुणी उतरवून घेतलं, की मान थोडा वेळ हलतच राहते, तसं काहीतरी झालं. वाईट एवढंच वाटलं, की हे सरांशी बोललो असतो तर तीन वर्षं दोघांचीही वाचली असती. ते मला घाबरून गप्प होते आणि मी त्यांना. पण काकू म्हणाल्या, “त्यांना राग नव्हता, एवढं तरी कळलं ना तुला? पुरे झालं.” खरंच पुरे होतं.

मी निघालो, तेव्हा त्यांनी थांबवलं. कॅमेऱ्यात फिल्म होती. सरांनी आजारी पडण्याआधी घालून ठेवली होती. “माझा एक काढ,” काकू म्हणाल्या. “एकटीच्या फोटोला कसलाच नियम नाही बघ.” आम्ही मागच्या अंगणात गेलो. त्या बाजेच्या एका टोकाला बसल्या. मी म्हणालो, “काकू, जरा मधे सरका.” “मधे मला नाही सुचायचं. माझी जागा हीच.” मी पाच पावलं मागे गेलो. हात थोडा थरथरत होता, म्हणून थांबलो, मग दाबलं.

गेल्या रविवारी तो त्याच न्हाणीघरात धुतला. उरलेली जागा कापून टाकता आली असती, तशी काकूंनी विचारणाही केली. मी कापली नाही. फोटोत डावीकडे काकू आहेत आणि उजवीकडे बरीचशी भिंत. भिंतीवर तेव्हा ऊन पडलं होतं. तेही आलं आहे.